कॅल्क्युलेटर टाकीची उंची विचारतच नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घर बांधणाऱ्यांना मोबाइलवर काय काय फुकट मिळतं असा एक लेख आला होता. लेख चांगला होता, वाद नाही, पण त्यात मध्येच दोन ओळी अशा होत्या की पाइप केवढा टाकायचा, टाकी किती लिटरची घ्यायची, पंप किती एचपीचा, हे सगळं आता ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत निघतं, त्यासाठी प्लंबरच्या तोंडाकडं बघत बसायला नको. त्या दोन ओळींसाठी हे पत्र. माझं मिरजेत पाइप-फिटिंगचं दुकान आहे, वडलांपासूनचं. वडील जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपला आटे पाडून द्यायचे, सफेदा आणि सूत लावून जॉइंट कसायचे, मी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप आणि ते चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यांवर पोट भरतो. तीसेक वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि गेली चार-पाच वर्षं बघतोय की गिऱ्हाईक यादी घेऊन येत नाही, मोबाइलचा स्क्रीनशॉट घेऊन येतं.

आधीच सांगतो, मी कॅल्क्युलेटरच्या विरोधात नाही. मी स्वतः वापरतो, रात्री दुकान बंद केल्यावर चष्मा लावून बसतो आणि आकडे बदलून बदलून बघतो, बायको म्हणते आता या वयात शाळा सुरू केली का. आणि प्लंबरचं म्हणाल तर आमच्याकडं निम्म्या पोरांचा हिशेब एकच असतो, मेन लाइन एक इंची, आत पाऊण इंची, नळाला अर्धा इंची, घर दोन खोल्यांचं असो नाहीतर तीन मजल्यांचं. का असं विचारलं तर "सगळे असंच टाकतात काका". त्यापेक्षा कॅल्क्युलेटर बरा, तो निदान काहीतरी विचारतो तरी. माझी तक्रार एवढीच की तो जे विचारायला पाहिजे तेच विचारत नाही, आणि ही अद्दल मला माझ्याच हातून घडलेल्या एका कामानं घडली, ते सांगतो.

दोन-अडीच वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ आले, निवृत्त मास्तर, सांगली रोडला बंगला बांधत होते, खाली-वर असा. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. मुलानं सगळं प्लंबिंग कॅल्क्युलेटरवर काढलेलं, छान तक्ता केलेला, रंगीत, कुठं किती फूट पाइप, किती एल्बो, किती टी. वरच्या बाथरूमला अर्धा इंची सीपीव्हीसी, लांबी साधारण दहा मीटर. मला वाचून जरा खटकलं होतं, खोटं कशाला बोलू, पण समोर एवढा मोठा तक्ता आणि मुलगा इंजिनीअर, म्हटलं आपण नववी पास, आपलं काय चालणार, आणि खरं सांगायचं तर सीझन होता, माल काढून दिला. घर झालं, वास्तुशांत झाली, जेवून आलो. आठ दिवसांनी मास्तरांचा फोन. खालच्या बाथरूमला पाणी झकास, वरचा शॉवर सोडला की करंगळीएवढी धार, आणि त्याच वेळी कुणी बेसिनचा नळ सोडला की तीही बंद. गॅस गीझर तर पेटतच नव्हता, कारण त्याला पेटायला पाण्याचा थोडा तरी जोर लागतो.

मी जाऊन बघितलं. टाकी गच्चीवर दोन विटांच्या थरावर ठेवलेली. शॉवरच्या तोंडापासून टाकीचा तळ मोजला तर सव्वा मीटर भरला. बास, सव्वा मीटर. मग मुलाला फोन लावला आणि विचारलं की बाबा, प्रेशर किती धरलंस? म्हणाला ते आधीच भरलेलं होतं, ५० पीएसआय, मी हात नाही लावला. आता आमच्याकडं पीएसआय म्हटलं की पोलीस ठाण्यातले साहेब आठवतात, त्यामुळं मास्तर दचकलेच. पण हिशेब असा की पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, म्हणजेच १४ पीएसआय. तर ५० पीएसआय म्हणजे पस्तीस मीटर. मुलाच्या कॅल्क्युलेटरनं धरलं होतं की टाकी जवळजवळ अकरा-बारा मजले वर आहे, आणि ती होती कमरेएवढ्या उंचीवर!

यात कॅल्क्युलेटर खोटं बोलला का? नाही. तो बनलेला अमेरिकेतल्या घरांसाठी, आणि तिकडं रस्त्यातली लाइन चोवीस तास भरलेली असते, तिच्यातनं दाबानं पाणी थेट घरात घुसतं, बहुतेक घरांना गच्चीवर टाकी हा प्रकारच नाही. त्यांच्या दृष्टीनं ५० पीएसआय हा अगदी साधा, रोजचा आकडा. आपल्याकडं पाणी येतं तासभर, ते खालच्या टाकीत पडतं, मोटर लावून वर चढतं आणि तिथनं स्वतःच्या वजनानं खाली येतं. आपल्या वरच्या मजल्याला जे काही प्रेशर आहे ते म्हणजे टाकीचा तळ आणि नळाचं तोंड यातलं अंतर, त्यात टाकीत पाणी असेल तेवढं आणखी. बाकी काही नाही. आणि हे अंतर विचारणारा रकानाच मी बघितलेल्या बहुतेक कॅल्क्युलेटरात नाही.

आता याच्या आतलं गणित थोडं सांगतो, कंटाळू नका, कारण सगळी मेख इथंच आहे. पाण्याचा पाइपच्या भिंतीशी जो घासा होतो त्यात प्रेशर खर्ची पडतं, ते काढायला हेझन आणि विल्यम्स या दोघांचं जुनं सूत्र आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आजही घासा काढणारे बरेच कॅल्क्युलेटर पोटात तेच घेऊन बसलेत. त्यात पाइपच्या आतल्या व्यासाचा घात जवळपास पाच आहे, नेमका ४.८७. म्हणजे व्यास निम्मा केला की घासा दुप्पट होत नाही, चौपटही नाही, तो होतो २९ पट. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी पंधरा मिनिटं गप्पच बसलो होतो, इतकी वर्षं आपण अर्धा की पाऊण यावर गिऱ्हाइकाशी दहा-वीस रुपयांची घासाघीस करत आलो.

मास्तरांचंच उदाहरण घ्या. शॉवर आणि एक नळ एकदम चालू म्हणजे मिनिटाला १८ लिटर धरू. अर्ध्या इंची सीपीव्हीसीत दहा मीटरला पावणेसहा मीटर उंची खर्ची पडते. पाऊण इंचीत तेवढ्याच लांबीला जेमतेम ९० सेंटिमीटर. एक इंचीत २६ सेंटिमीटर. एल्बो, व्हॉल्व्ह, डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) यांचं वेगळंच. आता पस्तीस मीटर खिशात असलेल्या माणसाला पावणेसहा मीटर गेले तर काय फरक पडतो? काहीच नाही, म्हणून कॅल्क्युलेटरनं बिनधास्त अर्धा इंची दिलं. त्यातले बरेच कॅल्क्युलेटर तर घासा बघतच नाहीत, फक्त वेग बघतात, सेकंदाला आठ फूट, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास आलं की ओके असा हिरवा टिकमार्क देतात. आमच्या मास्तरांच्या खिशात सव्वा मीटर आणि वर टाकीतलं पाणी, आणि बिल पावणेसहाचं.

दुसरी गोम याहून बारीक आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या लोकांनाही माहीत नसते. अर्धा इंची म्हणजे किती? जीआयचा अर्धा इंची मिडियम पाइप आतनं सोळा मिलिमीटर असतो. सीपीव्हीसीचा अर्धा इंची तांब्याच्या नळीच्या मापावर बनतो, बाहेरनं तो १५.९ मिलिमीटर, आणि जाड भिंतीचा, म्हणजे एसडीआर ११चा (हा भिंतीच्या जाडीचा आकडा, जेवढा लहान तेवढी भिंत जाड) असेल तर आतनं उरतात साडेबारा मिलिमीटरसुद्धा नाही. नाव तेच, अर्धा इंच. जुन्या जीआयला खडबडीत भिंतीचा तोटा आणि सीपीव्हीसीला गुळगुळीतपणाचा फायदा दोन्ही धरून हिशेब केला तरी नवीन अर्ध्या इंचीत घासा जुन्यापेक्षा दीडपटीहून जास्त येतो. म्हणजे ज्यांनी वीस वर्षांचा जुना जीआय काढून "तेवढ्याच मापाचा" नवा प्लास्टिक टाकला आणि पाणी कमी झालं म्हणून प्लंबरच्या नावानं शिव्या घातल्या त्यांच्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या, दोष मापाच्या नावाचा होता. कॅल्क्युलेटरात पाइपचा प्रकार निवडायची यादी असते खरी, पण तिच्यात तांबं टाइप एल, पेक्स, शेड्यूल ४० अशी नावं. आमच्या काउंटरवर पोरगं विचारतं एसडीआर ११ देऊ का साडेतेरा, आणि त्या यादीत ते बऱ्याचदा नसतंच, मग माणूस त्यातल्या त्यात जवळचं वाटेल ते दाबतो.

गॅलनचाही असाच घोळ. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, इंग्रजांचा ४.५४६ लिटरचा, फरक वीस टक्क्यांचा, आणि साइट कुठल्या देशाची आहे हे बघतो कोण. आपण लोकही काही कमी नाही म्हणा, बोअरला पाणी किती लागलं तर "अडीच इंची", आता अडीच इंची हे लांबीचं माप की पाण्याचं! एकदा एक शेतकरी दादा ते अडीच इंच कॅल्क्युलेटरात पाइपच्या रकान्यात घालून आले होते, आणि अडीच इंची पाइपची ऑर्डर द्यायला निघाले होते.

आता थोडं या सगळ्याच्या मुळाशी जातो, कारण हे कॅल्क्युलेटर आकाशातनं पडलेले नाहीत. अमेरिकेत रॉय हंटर नावाचा माणूस होता, तिथल्या सरकारी मापन संस्थेत, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. त्यानं १९४० साली एक पद्धत छापली. त्याचा विचार असा की इमारतीत शंभर नळ असले तरी शंभरही एकदम कुणी सोडत नाही, मग सगळ्यांचं पाणी बेरीज करून पाइप टाकला तर तो उगाच मोठा होईल. म्हणून त्यानं शक्यतेचं गणित लावलं, एक फ्लश व्हॉल्व्ह नऊ सेकंद चालतो, गर्दीत पाच मिनिटांनी एकदा, तर एकाच वेळी किती चालू असतील, आणि शंभरातला ९९ वेळ भागेल एवढा पाइप पुरे. प्रत्येक वस्तूला त्यानं वजन दिलं, त्याला फिक्स्चर युनिट म्हणतात, आजही बेसिनला साधारण १, शॉवरला २ असे आकडे चालतात ते त्याच कल्पनेतले. काय डोकं म्हणायचं, तेही कॉम्प्युटर नसताना. मला तर या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पण त्याच्या काळातले संडास एका फ्लशला आजच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओतायचे, आता आपल्याकडं सहा आणि तीन लिटरची दोन बटणं असतात. म्हणून मोठ्या बिल्डिंगला हंटरच्या पद्धतीनं पाइप आणि पंप जरुरीपेक्षा मोठे निघतात अशी ओरड तिकडंच झाली, आणि तिकडच्याच आयएपीएमओ या प्लंबिंगवाल्यांच्या संस्थेनं हजारभर घरांतली खरी पाणीवापराची नोंद घेऊन नवा वॉटर डिमांड कॅल्क्युलेटर काढला, फुकट आहे, एक्सेलची शीट आहे. आणि ते स्पष्ट सांगतात की हा फक्त राहत्या घरांसाठी आहे. ही सूचना मला फार आवडली, ज्याला आपल्या हत्याराची मर्यादा माहीत आहे त्याच्यावर विश्वास बसतो.

कारण हंटरचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, की प्रत्येक जण आपल्या मर्जीनं, दुसऱ्याचा संबंध न ठेवता नळ सोडतो. आता आमच्याकडचं मंगल कार्यालय डोळ्यासमोर आणा. मुहूर्त बाराचा, अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, दीडशे पानं. पंगत उठली की दीडशे माणसं एकदम हात धुवायला. तिथं कसली शक्यता नि कसलं गणित, तिथं सगळे नळ चालू म्हणजे चालूच, आणि त्याच वेळी मागं भांड्यांवर दोन पाइप चालू. एका कार्यालयवाल्यानं कॅल्क्युलेटरवरनं बेसिनची लाइन काढली होती, त्याला मी एवढंच विचारलं की पंगत किती पानांची, आणि तो हसायलाच लागला. शाळेची मधली सुट्टी तशीच, वसतिगृहाची सकाळ तशीच. घरातसुद्धा जिथं टाकी नाही आणि नळाला तासभरच पाणी येतं तिथं गल्लीतली सगळी घरं एकाच वेळी सगळे नळ सोडून बसतात.

आणि कॅल्क्युलेटरातली वस्तूंची यादी बघा. बाथटब आहे, डिशवॉशर आहे, बागेतला हायड्रंट आहे. बादलीचा नळ नाही. आपलं निम्मं महाराष्ट्र बादलीनं अंघोळ करतं, बादलीच्या नळाला शॉवरपेक्षा जोरात पाणी लागतं कारण बादली भरेपर्यंत थंडीत कुडकुडत कोण उभं राहणार. कमोडशेजारचा जेट नाही. मागच्या दारी कपड्यांच्या दगडावरचा नळ नाही. सोलर नाही, आणि सोलरचं तर वेगळंच दुखणं, गच्चीवर सोलरची टाकी एका उंचीवर आणि गार पाण्याची दुसऱ्या उंचीवर, डायव्हर्टरमध्ये दोघांची झोंबाझोंबी, एक दुसऱ्याला मागं ढकलतं आणि माणूस भाजतो नाहीतर गारठतो.

टाकीचं कॅल्क्युलेटर हा तर माझा आवडता विषय. माणशी १३५ लिटर हा आकडा आपल्याकडं सगळे धरतात, त्यातले ४५ संडासच्या फ्लशचे. पाच माणसं, ६७५ लिटर, म्हणून कॅल्क्युलेटर सांगतो हजारची टाकी पुरे. पण तो १३५ भुयारी गटार असलेल्या गावांसाठीचा आकडा आहे, भुयारी गटार नसेल तर सरकारी योजनेत माणशी ७० धरतात, आणि खेड्यात जलजीवन मिशनमध्ये, जे २०१९ साली सुरू झालं, ५५. म्हणजे कॅल्क्युलेटर ज्या पाण्याचा हिशेब करतोय ते गावच्या योजनेतनं यायचंच नाही. हे एक. दुसरं म्हणजे पाणी किती दिवसांनी येतं? माझी मुलगी मराठवाड्यात दिली आहे. लग्न झालं तेव्हा तिच्या भागात आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. जावयांनी घर बांधताना ऑनलाइन टाकी काढली, हजार लिटर. मी म्हटलं जावईबापू, दहा दिवसांनी पाणी येत असेल तर माणशी १३५नं पावणेसात हजार लिटर लागतात, काटकसर करून ७०नं धरलं तरी साडेतीन हजार. आमच्या मिरजेतनं एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ती गाडी मी स्वतः स्टेशनात उभी बघितलेली, त्यामुळं मला हा विषय चेष्टेचा वाटत नाही. शेवटी त्यांनी खाली जमिनीत पाच हजारची टाकी बांधली आणि वर हजारची ठेवली. वर का नाही सगळी? कारण हजार लिटर म्हणजे एक टन, पाच हजार म्हणजे पाच टन, आणि स्लॅबला विचारल्याशिवाय पाच टन त्याच्या डोक्यावर ठेवू नयेत, हेही कॅल्क्युलेटर सांगत नाही, मोठी टाकी घ्या म्हणून मोकळा होतो.

सेप्टिक टँकची गंमत तर विचारू नका. तिकडचे कॅल्क्युलेटर माणसं विचारत नाहीत, बेडरूम किती ते विचारतात. बऱ्याच ठिकाणी तीन बेडरूमला हजार गॅलन, म्हणजे ३७८५ लिटर. आपल्या भारतीय मानकात, आयएस २४७० मध्ये, पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची खोली एवढं पुरतं, म्हणजे बाराशे लिटरच्याही आतच. तिप्पट फरक. आता आमच्या शेजारच्या वाड्यात बेडरूम किती मोजायच्या? रात्री माजघरात चार जण, सोप्यात दोन, पोरं गच्चीवर. एका गिऱ्हाइकानं "बेडरूम शून्य" टाकून बघितलं तर त्यानं काहीच उत्तर दिलं नाही.

मात्र काही ठिकाणी हे कॅल्क्युलेटर अगदी नंबर एक आहेत तेही सांगायला पाहिजे. ड्रेनेजचा ढाळ घ्या. तिकडचा नियम फुटाला पाव इंच, आणि आमचे जुने गवंडी पिढ्यान्‌पिढ्या काय सांगतात, फुटाला पाव इंच! सातासमुद्रापार दोघांचं एकमत, कारण मैला वाहतो तो गुरुत्वाकर्षणानं आणि ते सगळीकडं सारखंच. गोल टाकीत किती लिटर, पीएसआयचे किलो किती, शंभर फुटाला घासा किती, असली गणितं डोळे झाकून करावीत. जिथं निसर्गाचा प्रश्न आहे तिथं कॅल्क्युलेटर बरोबर, जिथं राहणीचा प्रश्न आला तिथं तो दुसऱ्याच्या घरात राहतोय.

मास्तरांचं पुढं काय झालं विचाराल. टाइल्स फोडायच्या म्हटल्यावर मास्तरीणबाईंनी आधी नकारच दिला. मग अँगलचा स्टँड करून टाकी सहा फूट वर घेतली, म्हणजे सव्वाची उंची तीन मीटरवर गेली, गच्चीवरनं बाहेरच्या भिंतीनं एक इंची लाइन बाथरूमपर्यंत आणली, आतली शेवटची दोनेक मीटर अर्धा इंची तशीच ठेवली, आणि फक्त एका ठिकाणी चार टाइल्स काढून जोड दिला. गीझर पेटला, शॉवर चालतो. अर्धा खर्च मी सोसला, कारण खटकलं असताना गप्प बसलो होतो. प्रेशर पंपाचाही पर्याय होता, पण लाइट गेली की शॉवर गेला, मास्तरांना ते पटलं नाही. उलटी बाजूही असते बरं का, बारा मजली बिल्डिंगला टाकीचं पाणी थेट खालपर्यंत सोडलं तर तळमजल्यावर साडेतीन किलोच्या वर प्रेशर जातं, नळाचे वॉशर टिकत नाहीत, तिथं मध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. पण ते काम मोठ्या इंजिनीअरांचं, आमच्यासारख्या गावात एक-दोन मजलेच जास्त.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. आयआयटी मुंबईच्या लोकांनी गावच्या नळयोजनांसाठी 'जलतंत्र' नावाचं साधन करून इंटरनेटवर फुकट ठेवलंय, कमी खर्चात कुठल्या मापाचा पाइप टाकावा ते निघतं त्यातनं. मग टाकीपासून शॉवरपर्यंतच्या वीस मीटरसाठी मराठीत तसलं काही का असू नये? ते करायला आयआयटीच लागते असंही नाही. आमच्या सांगलीत वालचंद कॉलेज आहे, गावोगावी पॉलिटेक्निक आहेत, शेवटच्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्ट लागतंच. पहिला प्रश्न त्यात हा असू द्या की टाकीचा तळ सगळ्यात वरच्या नळापासून किती उंच, दुसरा पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, तिसरा घरात माणसं किती, बेडरूम नाही. पाइपच्या यादीत एसडीआर ११ आणि साडेतेरा, यूपीव्हीसी, जीआय, आणि प्रत्येकासमोर आतला खरा व्यास मिलिमीटरमध्ये. वस्तूंत बादलीचा नळ आणि जेट घाला. उत्तराखाली स्पष्ट लिहा की आम्ही हे हे धरलंय. आणि जमलं तर आयटीआयच्या प्लंबर ट्रेडच्या पोरांना तो वर्षभरात एकदा तरी हाताळायला द्या, ती पोरं हुशार असतात, फक्त त्यांना "का" कुणी सांगत नाही. मुलांना दुकानात येऊन पाइप कापून आतनं मोजायचे असतील तर माझ्याकडं व्हर्निअर आहे, तुकडे मी फुकट देतो, चहाही पाजतो.

तोपर्यंत वाचकांना विनंती आहे, कॅल्क्युलेटर जरूर वापरा, पण आधी टेप घेऊन गच्चीवर जा, आणि प्रेशरच्या रकान्यात आधीच भरलेला आकडा असेल तर तो खोडून आपला घाला, मीटरला दहानं भागलं की किलो येतात, तेच मीटर १.४२नं गुणले की पीएसआय. फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरकडनं पाण्याच्या लाइनचा नकाशा आणि धरलेलं प्रेशर कागदावर मागून घ्या, रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं कामातल्या आणि सेवांमधल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर आहे, कागद हातात असला की बोलणं सोपं जातं.

पत्र फार लांबलं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लिहीत बसलो. जागा नसेल तर मंगल कार्यालय कापा, सेप्टिक टँक कापा, माझी नववीही कापा, पण अर्धा इंची एसडीआर ११चा सीपीव्हीसी आतनं साडेबारा मिलिमीटरसुद्धा नसतो हे वाक्य तेवढं राहू द्या.

आपला नम्र,
एक पाइप-फिटिंगवाला, मिरज